डॉक्टरांनी सोडलेला एक महिना

सांगलीच्या छातीच्या डॉक्टरांनी आम्हाला फसवलं. औषध त्यांनी बरोबर दिलं होतं, रिपोर्टही खरा होता, दवाखान्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी दोन महिने सांगितले आणि मी मागितला म्हणून त्यातला एक महिना सोडून दिला. छाती माझ्या बायकोची होती.

लोक मला म्हणतात, यात फसवणूक कुठं आली, तुम्हीच तर घासाघीस केलीत. हो, केली. मी हळदीच्या बाजारात हमाल म्हणून आलो आणि आज त्याच बाजारात माझं अडतीचं दुकान आहे. मधला सगळा रस्ता मी घासाघीस करूनच चाललोय. पण एस.टी.च्या कंडक्टरशी मी आजवर कधी भाव केलेला नाही, कारण तो सोडत नाही हे मला माहीत आहे. ज्या वस्तूचा भाव एकच असतो तिथं मी गप्प पैसे देतो. समोरचा हलला, तरच मी ओढतो. डॉक्टर हलले. ते हलले म्हणून मला वाटलं, यात सोडण्यासारखं काहीतरी होतं.

आम्ही इस्लामपूरला राहतो. घराच्या पुढच्या अंगाला बायकोचं चटणीचं कांडप आहे. आमच्या भागात वर्षाची चटणी एकदम करून ठेवतात. होळीच्या सुमारास बायका मिरच्या वाळवून, देठं खुडून, मसाला भाजून डबे घेऊन येतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत रांग हटत नाही. लोखंडी मुसळं धाडधाड खालीवर होतात, हवेत तिखटाचा धुरळा उडतो, आणि आत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्या-नाकातून पाणी वाहतं. हे कांडप तिनं स्वतः उभं केलं. माझा त्यात एक पैसा नाही आणि ती हे मला वर्षातून दोनदा तरी ऐकवते.

संक्रांतीनंतर तिला ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला, पुन्हा चढला. मग एके दिवशी सकाळी ती न्हाणीतून बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. दम लागून तिला बोलता येईना. आम्ही तिला सांगलीला नेलं. कोरोनाची तपासणी झाली, तो निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरा कुठला तरी विषाणू आहे, त्याचा न्यूमोनिया झालाय. तिला ऑक्सिजन लावला.

तेव्हा त्यांनी मला तिच्या छातीचा पहिला फोटो दाखवला. खोलीतल्या दिव्याच्या पाटीवर तो लावला आणि म्हणाले, "काळं दिसतं तिथं हवा आहे. पांढरं दिसतं तिथं हवा जात नाही." दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढरा होता. रेघ नाही, ठिपका नाही, सगळा भागच पांढरा. मी आयुष्यभर हळकुंड मोडून आतला रंग बघत आलोय. आतून खराब माल कसा दिसतो ते मला कुणी शिकवायला नको.

ती वाचली. हे श्रेय मी डॉक्टरांकडून काढून घेणार नाही. ऑक्सिजन निघाला, ती कॉटवरून उठून व्हरांड्यात चालायला लागली, भाकरी मागायला लागली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. मी खुर्चीवर बसलो, ती तपासायच्या स्टुलावर.

"दोन महिने पूर्ण विश्रांती," डॉक्टर म्हणाले. "धूर नाही, धूळ नाही, मिरची तर नावालाही नाही. दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढून आणा. तो बघून पुढचं ठरवू."

"डॉक्टर, दोन महिन्यांत आमचा निम्मा सीझन जातो," मी म्हणालो. "तीन आठवडे धरा."

"तीन आठवड्यांत फुप्फुस भरून येत नाही."

"ती दणकट आहे. रानात काम केलेली बाई आहे. तुमचे दोन महिने शहरातल्या माणसांसाठी."

ते हसले. "फुप्फुसाला शहर आणि खेडं कळत नाही हो."

"बरं, तुमचं नको, माझंही नको. महिना."

बाहेर पेशंट दाटीवाटीनं बसलेले होते. डॉक्टरांनी दाराकडं बघितलं, हातातलं पेन टेबलावर दोनदा आपटलं आणि म्हणाले, "ठीक आहे. महिनाभर तरी नक्की थांबा. महिन्यानं फोटो काढा. पण तो मी बघितल्याशिवाय मिरचीजवळ जायचं नाही."

मी खूश होऊन बाहेर आलो. गाडीत बसल्यावर तिला म्हणालो, "बघ, महिना कमी करून आणला."

"डाक्टरास्नी बी सोडलं न्हाईसा व्हय?" ती म्हणाली आणि हसली. हसताना तिला ठसका लागला, मी खिडकीची काच वर केली.

तो महिना तिनं पाळला. अंगणात बसून उन्हात पाय सोडायची, कांडपाच्या दाराला कुलूप होतं तिकडं बघायची. बायका विचारायला येत, काकी, कधी उघडताय? पलीकडच्या गल्लीत त्याच वर्षी एक नवं कांडप सुरू झालं होतं. त्याच्या मुसळांचा आवाज आमच्या अंगणात ऐकू येई. आवाज सुरू झाला की तिचं निवडणं-टिपणं थांबे.

महिन्यानं आम्ही सांगलीला गेलो. नवा फोटो काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. मला बघूनच कळलं, माल सुधारलाय. पांढरं पुष्कळ ओसरलं होतं. खाली दोन्ही कोपऱ्यांत काहीतरी धुरकट राहिलं होतं.

"पुष्कळ सुधारणा आहे," डॉक्टर म्हणाले. पहिलं वाक्य हेच. मग म्हणाले, "खाली थोडी सावली राहिलीय. ती भरून येत असलेली सावली आहे की मागं उरणारी, हे आज या फोटोवरून सांगता येत नाही. फोटो माणसाच्या मागून येतो. माणसाला आधी बरं वाटतं, फोटो नंतर साफ होतो. म्हणून मी म्हणेन, अजून महिनाभर मिरची नको. मग परत फोटो काढू. मधे दम लागला तर लगेच या, सीटी स्कॅन करू."

"दम लागतो का?" असं त्यांनी तिला विचारलं. मी म्हणालो, "नाही हो, आता ठणठणीत आहे." तीही माझ्या बोलण्याला मान हलवून हो म्हणाली.

फोटो मागून येतो, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं. मी हिशेब केला, फोटो जर मागं असेल तर छाती त्याच्या पुढं असणार. म्हणजे फोटोत दिसतो त्याहून माल चांगला. ही सावली आज फोटोत असली तरी आत बहुतेक गेलेलीच असणार. यात चुकीचं काय आहे ते मला तेव्हा कुणी नीट समजावून सांगितलं नाही. पुढं साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण ते फार उशिरा.

"डॉक्टर, महिना ठरला होता आपला," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही फोटो काढून पाकिटात घातले. "मास्क लावणार? दारं-खिडक्या उघड्या ठेवणार? यंत्राजवळ स्वतः उभ्या राहणार नाहीत?"

"सगळं करतो."

"मग बघा. पण पुढचा फोटो चुकवू नका."

हे दुसऱ्यांदा सोडलं त्यांनी. मला जे कळतं ते एवढंच की माणूस दोनदा हलला म्हणजे त्याच्या पहिल्या बोलण्यात दम नव्हता.

कांडप उघडलं. पहिले काही दिवस ती दाराशी खुर्ची टाकून बसली, तोंडाला मास्क, वरून पदर. आत दुसरी बाई ठेवली होती. पण त्या बाईला कुठली मिरची आधी घालायची आणि भाजलेलं खोबरं शेवटी का घालायचं हे कळेना. एका गिऱ्हाइकाची चटणी तेलकट झाली, त्यांनी दारातच तोंड सोडलं. दुसऱ्या दिवसापासून ही आत गेली.

ती खोकायची. पण कांडपात कोण खोकत नाही? रांगेतली प्रत्येक बाई खोकते. एकजण तिला चेष्टेनं म्हणालीसुद्धा, "काकी, तुमची चटणी तुमास्नीच लागतीया व्हय?" सगळ्या हसल्या, ती पण हसली. पुढचा फोटो पाडव्यानंतर काढू म्हटलं, मग यात्रा आली, मग लग्नसराईची गर्दी. डॉक्टरांचा एक फोन आला नाही. माझ्याकडं ज्याचा माल दुकानात पडून असतो त्याला मी आठवड्यातून दोनदा फोन करतो.

तिचं माहेर रहिमतपूर. तिथं तिच्या धाकट्या भावानं घरावर मजला चढवला, त्याची वास्तुशांती होती. हा भाऊ सैन्यातून सुभेदार होऊन आलाय, मोजकं बोलतो, सरळ बोलतो. मी खाली मांडवात होतो, जेवणाच्या पंगती लावणाऱ्याशी माझं वाजलं होतं. ती वरची खोली बघायला जिन्यानं निघाली आणि मधेच पायरीवर बसली.

भावानं खालून बघितलं. "आक्का, अशी का बसलीस गं?"

"काय न्हाई रं. गुडघा."

"गुडघा दुखल्यावर ओठ निळं पडत्यात व्हय?"

तो तिथंच वळला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दाजी, पंगत ऱ्हाऊ द्या. गाडी काढा. साताऱ्याला जायाचं हाय."

मी म्हणालो, "अरे, मिरचीचा ठसका असेल, सांगलीच्या डॉक्टरांना फोन करतो."

"फोन नगं. गाडी."

साताऱ्याला छातीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, तिला व्हरांड्यातून एक फेरी चालायला लावली आणि परत आकडा बघितला. आकडा उतरला होता. त्यांनी लगेच सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. तासाभरानं त्यांनी मला आणि मेव्हण्याला आत बोलावलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडं फिरवला. सांगलीचे दोन्ही फोटो तेव्हापासून गाडीतच पडून होते, तेही त्यांनी शेजारी लावले.

सीटी म्हणजे भाकरी मधून कापून आतला भाग दाखवावा तसं असतं. त्या बोटानं पडदा सरकवत गेल्या आणि छाती वरून खाली काप-काप उघडत गेली. वरचे काप काळे, स्वच्छ. खाली येता येता एक धूसर पट्टा सुरू झाला.

"हे काचेवर वाफ धरल्यासारखं दिसतंय ना," त्या म्हणाल्या, "ही सूज आहे. ही बहुतेक औषधानं जाईल. आता इथं बघा, या रेघा. हे वण आहेत. जखम भरल्यावर राहतो तसा वण."

"हे जाईल ना?" मी विचारलं.

"वण जात नाहीत."

"निम्मे तरी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काका, हे मी ठरवत नाही."

माझ्या तोंडातून "बरं" एवढंच निघालं. मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. कशाला बरं म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. बाहेर बाकावर ती बसलेली काचेतून दिसत होती. हिरवं काठाचं लुगडं, वास्तुशांतीचं, डोक्याला गजरा, शेजारच्या म्हातारीशी काहीतरी बोलत होती. आणि इकडं पडद्यावर तिच्या छातीतल्या रेघा. दोन्ही एकाच बाईचं होतं, हे मनाला पटेना.

मेव्हण्यानं विचारलं, "हे आधी दिसलं असतं तर?"

"महिन्याचा जो फोटो आहे त्यानंतर वेळेवर दुसरा काढला असता, सावली हटत नाही म्हणून सीटी केला असता, तर ही सूज ताजी असताना गोळ्या सुरू झाल्या असत्या. मग वण कमी राहिले असते, कदाचित. नक्की मी सांगू शकत नाही. विषाणूनं सुरुवातीलाच काही नुकसान केलेलं असू शकतं. पण एवढं नक्की, भरून येणाऱ्या फुप्फुसाला मिरचीचा धुरळा चालत नाही."

मग मी त्यांना माझा हिशेब सांगितला, फोटो मागं असतो तर छाती पुढं असणार. "फोटो मागं असतो तो बरं होत असलेल्या माणसाच्या," त्या म्हणाल्या. "माणूस बरा होतोय की नाही, तेच कळायला परत फोटो काढायचा असतो."

गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी तिचं तोंड सुजलं, झोप उडाली, साखर वाढली. काही महिन्यांनी परत सीटी केला. मी देवाला नवस बोललो नाही, पण त्या दिवशी साताऱ्याच्या व्हरांड्यात मी कुणाशी तरी मनातल्या मनात भाव करत होतो, हे खरं. वाफ गेली होती. काच पुसावी तशी गेली होती. रेघा जिथल्या तिथं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते टिकवायचं, सपाटीवर चालायचं, आणि कांडपात पाय ठेवायचा नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही.

यंत्रावर आता ताडपत्री आहे. पलीकडच्या गल्लीतून आवाज येतो.

त्यानंतर मी सांगलीला गेलो. नंबर लावला नाही, सरळ आत गेलो. डॉक्टर एका पेशंटची छाती ऐकत होते. तो बाहेर गेल्यावर मी फोटोंची आणि सीटीची सगळी पाकिटं टेबलावर टाकली.

"दोन महिने खरे होते की एक?"

त्यांनी सीटीचा रिपोर्ट वाचला. सावकाश वाचला. "दोन," ते म्हणाले.

"मग एक का केलात?"

"तुम्ही मागितला."

"मी मागणारच! मी बाजारातला माणूस. मी औषधाच्या दुकानात भाव केला तर तो काय करतो? पाटीकडं बोट दाखवतो. तुम्ही का नाही दाखवलंत?"

"आवाज खाली घ्या. बसा," ते म्हणाले. मी बसलो नाही. "मी दोनावर अडून राहिलो असतो तर तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा. रोज अशी माणसं येतात माझ्याकडं. दोन महिने म्हटलं की आठवड्यात कामाला लागतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. तुम्ही महिन्याचा फोटो काढायला तरी आला असता का? मी म्हटलं, महिना तर पदरात पाडून घेऊ. महिना तुम्ही पाळलात. पुढचा फोटो चुकवलात तो तुम्ही."

तेव्हा मला कळलं. हा माणूस माझ्याशी सौदा करत होता. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं अंदाज बांधला होता की हा किती देईल, आणि तेवढ्यावर सौदा ठरवला होता. मला वाटलं होतं मी जिंकलो. त्याला वाटलं होतं तो जिंकला.

"पुढच्या फोटोसाठी एक फोन का नाही केलात?" मी शेवटी विचारलं.

"किती जणांना करू?" ते म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता. ते थकलेले दिसत होते. पुढचा पेशंट दारातून डोकावत होता.

घरी आलो. ती पायरीवर बसून लसूण सोलत होती.

"काय म्हणालं डाक्टर?"

मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मला वाटलं ती माझ्या बाजूनं चिडेल. ती लसूण सोलत राहिली.

"म्हंजे त्यांनी त्यांचं बघितलं, तुमी तुमचं," ती म्हणाली. "छाती माजी. मी तितंच स्टुलावर बसल्याली. दोगांपैकी एकानं तरी माज्याकडं तोंड करून इचारायचं हुतं, बाई, तुला कसं वाटतंय?"

"विचारलं होतं की त्यांनी, दम लागतो का."

"आणि उत्तर कुणी दिलं?"

मी तिच्यापुढची लसणाची सालं गोळा करायला लागलो.

"रातचं उताणं झोपलं की श्वास पुरत न्हवता मला. महिन्याचा फोटो काढला तवा बी पुरत न्हवता."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"तुमचा सौदा चालला हुता. सौदा चालू असताना तिसऱ्यानं मधी तोंड घालायचं न्हाई, लगीन झाल्यापास्नं ऐकतीया." तिनं सोललेला लसूण वाटीत टाकला. दम घेतला. एवढं बोलायला तिला आता मधे थांबावं लागतं. "आता सांगा, कोण देनार हाय मला उत्तर? तुमी का त्यो?"

तिचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो जसाच्या तसा पुढं पाठवतो आहे. डॉक्टर, तुम्ही शिकलेले, फोटो तुम्हाला वाचता येत होता, मला येत नव्हता. तुम्हाला माहीत होतं की त्या सावलीचं अजून काही ठरलेलं नाही. मी तोंड पुढं केलं तेव्हा मला गप्प करून, खुर्ची वळवून, तिला पुन्हा विचारायला तुम्हाला किती वेळ लागला असता? कुणाच्या मालकीचा महिना तुम्ही मला सोडलात? इस्लामपूरला या. तिच्यासमोर पायरीवर बसा आणि तिला सांगा. मलाही तिला काही सांगायचं आहे, ते मी तुमच्या देखत सांगेन. पण आधी तुम्ही.